शनिवारचा एक ग्लास आणि अण्णांची वही



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. हो, चहाच. विषय दुसऱ्या पेयाचा असला तरी वाचायचं शुद्धीत आहे.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, ऑफिसच्या डिनरला सगळे रेड वाईन घेतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठली घ्यायची, कशी ठेवायची? तू घेतेस ना कधीतरी?" विचारताना ती आजूबाजूला बघत होती. उत्तर देताना मीही आवाज खाली आणला. घरी परतताना मला माझंच हसू आलं. आम्ही दोघी पंचेचाळिशीच्या, स्वतःच्या पायावर उभ्या, मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर, आणि शाळेतल्या पोरींसारखी कुजबुज चाललीय. म्हणून तिला जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट लिहितेय.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही, वाईनची जाणकार तर अजिबात नाही. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. माझा महिना व्हॅटच्या २८ तारखेभोवती फिरतो. दुसरं म्हणजे, जे घेत नाहीत त्यांनी ही पोस्ट वाचून सुरू करू नये. "रेड वाईन हृदयाला चांगली" हे आपण सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. औषध म्हणून कोणी घेत असेल तर तो स्वतःचीच समजूत घालतोय. मी घेते ती चवीसाठी, कधीतरी, आणि मोजून.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, नाशिक जिल्हा. घरची द्राक्षबाग. अण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, आळंदी-पंढरपूर. आणि माझे धाकटे काका दारूने गेले. देशी दारू, गावाबाहेरचा गुत्ता, सगळं तसंच, जसं तुमच्यापैकी अनेकांच्या नात्यात कोणाचं तरी झालं असेल. काका गेले तेव्हा मी बारावीत होते. काकू चाळिशीच्या आतच होती. आमच्या घरात त्यानंतर "दारू" हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. "त्याचं ते" म्हणायचे. "त्याच्या त्या पायी गेला."

आणि याच घरात, २००४ च्या सुमारास, अण्णांनी दीड एकरात वाईनची द्राक्षं लावली.

तुम्हाला माहीतच असेल, महाराष्ट्रात वाईन तशी जुनी नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात शाम्पेनसारखी फसफसणारी वाईन बनायला लागली. नाशिकला सुला १९९९ मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग नाशिक, दिंडोरी, निफाड भागात कंपन्या शेतकऱ्यांशी करार करायला लागल्या. टेबल द्राक्षाचा भाव म्हणजे दरवर्षीचा जुगार. इथे भाव आधी ठरलेला. अण्णांनी शिराज लावलं. गावात लोक टोचायचे, "माळ घालून दारूची द्राक्षं लावता होय?" अण्णा म्हणायचे, "मी फळ विकतो." बस्स. ते फळ पुढे कुठे जातं यावर घरात एक अक्षर निघायचं नाही. आम्ही म्हणायचो, "कंपनीचा माल."

शिराज खाऊन बघितलंय का कधी? थॉम्पसनची सवय असलेल्यांना ते द्राक्ष वाटणारच नाही. मणी बारीक, काळेभोर, साल जाड, आत बिया. पण गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा जास्त. आपलं टेबल द्राक्ष साधारण १६-१८ ब्रिक्सला उतरवतात, वाईनचं २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात. ही साखरच पुढे यीस्ट खाते आणि तिचा अल्कोहोल होतो. लहानपणी मला वाटायचं वाईन गोड असणार. द्राक्षाचीच ना! पहिला घोट घेतला तेव्हा कळलं, साखर सगळी संपलेली असते, उरतं ते आंबट, तुरट आणि गरम. तो तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. रेड वाईनला रंग येतो तो सालीसकट रस आंबवतात म्हणून. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा कडक चहा प्यायल्यावर जीभ जशी धरते ना, तेच ते. वाईनवाले त्याला टॅनिन म्हणतात. आपल्याकडे "तुरट" हा चांगला शब्द आहे, तोच वापरूया.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग २००८-०९ आलं. जगभर मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस, वाईनचा खप बसला. आमच्याकडच्या कंपनीने माल उचललाच नाही. टेबल द्राक्ष असतं तर पडत्या भावाने का होईना, व्यापाऱ्याला गेलं असतं. शिराज कोण खाणार? बिया असल्याने बेदाणाही होत नाही. घड वेलीवरच सुकले. आधीच्या हंगामाचे पैसेही अडकले. मी तेव्हा अबुधाबीत नवीनच होते, मुलगी नुकतीच झालेली, फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "काढून टाकतोय बाग." कर्जाचे दोन हप्ते मी इथून पाठवले. त्यांनी ते वहीत लिहून ठेवले आणि नंतर परतही केले. मला अजून लाज वाटते की मी घेतले.

त्यामुळे अनेक वर्षं वाईनचा ग्लास समोर आला की मी "नको" म्हणायचे. लोकांना वाटायचं संस्कार. खरं तर राग होता.

मग हे सगळं बदललं कसं? ऑफिसमुळेच. क्लायंटसोबत जेवण, नवीन पार्टनर, तोच तो प्रश्न, "रेड ऑर व्हाईट?" २०२२ च्या डिसेंबरात सुला शेअर बाजारात आली. मी वाईन चाखायच्या आधी तिचं प्रॉस्पेक्टस वाचलं! सीए बायकोकडून अजून कसली अपेक्षा, असं नवरा म्हणाला. पण ते वाचताना जाणवलं की आमच्या बांधावरच्या या उद्योगाबद्दल मला आकडे माहीत आहेत आणि चव माहीत नाही. पुढच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा धाकट्या भावाने निघताना हळूच एक बाटली दिली. दिंडोरी भागातलं शिराज. "अण्णांना सांगू नको." मी ती चेक-इन बॅगेत साडीत गुंडाळून आणली.

आणि मग मी ती घालवली. कशी, ते ऐका, कारण आखातातल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

मी ती स्वयंपाकघरात, ओव्हनच्या वरच्या कपाटात, उभी ठेवली. "चांगल्या दिवशी उघडू." जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे करतो तेच केलं. एसी बंद केला, घराला कुलूप लावलं आणि सहा आठवडे भारतात. सप्टेंबरात येऊन उघडली तर कॉर्क थोडा वर आलेला, कडेने वाईन पाझरून वाळलेली, आणि चव शिळ्या मोरांब्यासारखी. सरळ सिंकमध्ये ओतली. आमच्या भाषेत राइट-ऑफ.

तर साठवणीचे नियम, माझ्या खर्चाने शिकलेले.

वाईनला उष्णता सोसत नाही. तिला १२ ते १४ डिग्री, अंधार आणि शांतता आवडते. आपल्या फ्लॅटमध्ये तळघर नाही आणि वाईनचा वेगळा फ्रीज घेण्याइतकी आपली हौस नाही. त्यामुळे सोपा मार्ग म्हणजे दोन-तीन बाटल्यांच्या वर घ्यायचंच नाही. त्या बेडरूमच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायच्या. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, उन्हाने ती भिंत तापते. कॉर्कची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे कॉर्क ओला राहतो, आकसत नाही, हवा आत जात नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते. फ्रीजच्या डोक्यावर, ओव्हनजवळ, बाल्कनीत कधीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला जाताना बाटली उरलीच असेल तर सरळ फ्रीजमध्ये ठेवून जा. महिना-दोन महिने काही होत नाही. आणि दुकानातून घेतली की थेट घरी. "जाता जाता भाजी पण घेऊ" म्हणून जुलैत डिकीत तासभर ठेवलीत तर ती तिथेच शिजते.

कायद्याचंही इथेच सांगते. अबुधाबीत सप्टेंबर २०२० पासून वैयक्तिक परवाना लागत नाही. पण वय २१ पूर्ण हवं. प्यायची ती घरात किंवा परवाना असलेल्या जागी, रस्त्यावर, पार्कात, बीचवर नाही. गाडी चालवणार असाल तर एक घोटही नाही, इथे "थोडीच घेतली होती" चालत नाही. शारजात तर पूर्ण बंदी आहे. ज्या देशाने आपल्याला घर दिलंय त्याच्या रीतीचा मान ठेवायचा, एवढं तर आपल्याला कळतंच.

आता निवड. पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा मी घाबरले होते. भिंतभर बाटल्या आणि सगळ्यांवर किल्ले आणि घोडे. पण लेबल म्हणजे बॅलन्स शीट आहे, कुठे काय शोधायचं ते कळलं की झालं. चार गोष्टी बघा: द्राक्षाची जात, प्रदेश, वर्ष आणि अल्कोहोलचा टक्का. ऑस्ट्रेलिया, चिली, दक्षिण आफ्रिका, भारत इथल्या बाटल्यांवर जात ठळक लिहिलेली असते: शिराज, मर्लो, कॅबर्ने सोव्हिन्यों. फ्रान्स, इटली, स्पेनच्या बाटल्यांवर बऱ्याचदा फक्त गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं: बोर्डो, कियांती, रियोहा. आपण "देवगड हापूस" न म्हणता नुसतं "देवगड" म्हटलं तरी कळतं, तसंच त्यांचं. सुरुवातीला जात लिहिलेली बाटली घ्या, म्हणजे काय आवडलं ते लक्षात राहतं.

शिराजबद्दल एक गंमत. आपल्या समोर, खाडीपलीकडे इराणमध्ये शिराज नावाचं शहर आहे, म्हणून मला वाटायचं द्राक्ष तिथलंच. तसं नाही. डीएनए तपासणीत त्याचे आई-बाप फ्रान्समधले निघाले. फ्रेंच लोक त्याला सिराह म्हणतात. म्हणजे फ्रान्सचं द्राक्ष, नाव इराणचं, आणि वाढलं आमच्या दिंडोरीत. आपल्या मुलांसारखंच की!

सुरुवात मर्लो किंवा पिनो न्वारने करा, ती कमी तुरट असतात. कॅबर्ने जास्त धरते. जुनी तेवढी चांगली, हा गैरसमज सोडा. आपल्या बजेटमधल्या बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या ठेवून सुधारत नाहीत. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हेही खोटं. सगळ्यात स्वस्त नको, महाग तर अजिबात नको. दुकानदाराला बजेट आणि जेवणात काय आहे ते सांगा. तो सांगेल ती एक घ्या, मोबाईलवर लेबलचा फोटो काढा आणि खाली दोन शब्द लिहा. दहा बाटल्यांनंतर (म्हणजे माझ्या वेगाने दीड वर्षाने) तुम्हाला तुमची आवड कळेल.

जेवणाचं बोलायचं तर मी पहिल्या वेळी काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कॅबर्ने घेतली. तोंडात आग लागली. अल्कोहोल आणि तुरटपणा, दोन्हीमुळे तिखट आणखी चढतं. आपल्या जेवणाबरोबर कमी तुरट, फळाची चव असलेली आणि जरा थंड वाईन घ्या. शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी, साधं भाजलेलं मटण, पनीर, यांच्याबरोबर छान लागते. ठेच्याला सुट्टी.

आणि वाढणं. "रेड वाईन रूम टेंपरेचरला" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती रूम जुन्या युरोपातली थंड खोली हो, अबुधाबीतला हॉल नव्हे! १६ ते १८ डिग्री हवी आणि आपला एसी असतो २४ वर. म्हणून वाढण्याआधी २०-३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कोमट वाईनमध्ये नुसता अल्कोहोल नाकात जातो. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते. ग्लास देठाला धरायचा, हाताची ऊब लागत नाही. महागडे ग्लास नकोत, तोंडाकडे थोडा निमुळता असला की पुरे. नुसता कॉर्क काढून बाटली "श्वास घ्यायला" ठेवण्यात फारसा अर्थ नाही, तेवढ्याशा तोंडातून हवा किती जाणार? फार तुरट असेल तर काचेच्या जगात ओता आणि अर्धा तास थांबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर कॉर्क बिघडलाय, तुमचं नाक नाही. उरलेली झाकण लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची. नाहीतर रस्सा आहेच.

आता माझा खरा विषय, मोजमाप.

एकदा सहज म्हणून माझा नेहमीचा "एक ग्लास" मी मोजपात्रात ओतला. २४० मिली निघाला. आपण एक घेतो म्हणायचे आणि दीडच्या वर घेत होते. बाटली ७५० मिलीची, म्हणजे १५० चे पाच ग्लास. आता पुढचं गणित बघा. १५० मिली, १३.५ टक्के, म्हणजे सुमारे २० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे १३ मिलीच्या आत. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोट्या पेगइतका. २०२२ च्या जानेवारीत आपल्या राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, आठवतंय? केवढा गदारोळ झाला. वाईन दारू आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. शेवटी तो निर्णय अमलात आलाच नाही. शेतकऱ्याची मुलगी म्हणून माझं मन एका बाजूला होतं. पण आकडा काही माझ्या बाजूने बोलत नाही. दारूच आहे ती. नाजूक ग्लासात असली म्हणून काय झालं.

तेव्हापासून मी लिहून ठेवते. फोनमध्ये नाही, वहीत. तारीख, बाटली, किती मिली. शनिवारी एक, कधी तोही नाही. महिन्याला तीन-चार नोंदी.

गेल्या नोव्हेंबरात, गोडी छाटणी उरकून, अण्णा इथे आले. आता बाग भाऊच बघतो, सगळी थॉम्पसन. अण्णा चौऱ्याहत्तरचे. ते यायच्या आधी मी कपाटातली बाटली शेजारच्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवायला निघाले होते. माझी लेक, सतरा वर्षांची, दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू मला सांगतेस की लपवण्यासारखं काही करू नको. मग हे काय?"

ती या सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला जातेय. तिथे अठराव्या वर्षी सगळं खुलं. इथल्या कायद्याने तिला २१ पर्यंत थेंबही नाही आणि मी तो दिलेलाही नाही. पण सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिच्या हातात ग्लास देणार, आणि तेव्हा तिच्या डोक्यात काय असेल? एकीकडे काकांची कुजबूज, दुसरीकडे आईची लपवलेली बाटली. या दोन्हींतून ती काय शिकणार होती?

मी बाटली परत कपाटात ठेवली.

शनिवारी जेवताना काढली. दक्षिण आफ्रिकेची शिराज होती. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. अण्णा काही बोलले नाहीत. बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय लिहिलंय त्यावर?"

"शिराज," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. ग्लास नाकाजवळ नेला, प्यायले नाहीत, नुसता वास घेतला. बराच वेळ. मग म्हणाले, "तोडणीच्या वेळी क्रेट रात्रभर राहिले ना शेडमध्ये, की सकाळी असा वास यायचा. फुटलेल्या मण्यांचा." ग्लास खाली ठेवला. "एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं ह्याचं शेवटी काय होतं."

मला बोलायला सुचेना. मग त्यांनीच विचारलं, "किती घेतेस?"

"आठवड्याला एक. मोजून."

"लिहितेस?"

मी वही आणून दिली. तुम्हाला सांगायचं राहिलं, अण्णांची फवारणीची वही असते. तारीख, औषध, किती लिटरला किती, वारा होता की नव्हता. चाळीस वर्षांच्या वह्या आहेत. मी सीए झाले ती त्या वह्या बघत बघतच. चष्मा लावून त्यांनी माझी दोन पानं वाचली. म्हणाले, "मला हे आवडलेलं नाही, हे सांगून ठेवतो."

"हो अण्णा."

"पण लिहिणं थांबवू नको."

आणि मग, नातीकडे बघून, आमच्या घरात सत्तावीस वर्षांत कोणी जे बोललं नव्हतं ते बोलायला लागले. तिच्या धाकट्या आजोबांबद्दल. आधी लपून प्यायचे, मग घरच्यांनी लपवलं. गावाला माहीत होतं, घरात मात्र कोणी नाव घ्यायचं नाही. एकदा काकूने डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर अण्णांनीच अडवलं होतं, "लोक काय म्हणतील." हे मला माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, "माझी चूक होती ती." लेक त्यांच्या शेजारी जाऊन बसली. माझा ग्लास तसाच राहिला. नंतर बाटलीत परत ओतला.

तेव्हापासून लेक आणि मी बोलतो. ग्लासात किती असतं, बाटलीवरचा टक्का कसा वाचायचा, रिकाम्या पोटी का नाही, आपला ग्लास नजरेआड का करायचा नाही, "नको" म्हटल्यावर कारण द्यायची गरज नसते, आणि आपल्या रक्तात काकांचं उदाहरण आहे म्हणून आपण जास्त सावध का राहायचं. इंग्लंडचे डॉक्टर आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिट सांगतात, एक युनिट म्हणजे १० मिली अल्कोहोल. तिने स्वतः हिशोब केला, "म्हणजे एका बाटलीतच दहा युनिट? आई, हे तर खूप आहे." मी काही बोलले नाही. आकड्याने जे सांगितलं ते माझ्या भाषणाने झालं नसतं.

कदाचित ती घेईल, कदाचित नाही. तो तिचा निर्णय. चुकली, घाबरली, तर रात्री दोनलाही फोन करेल, एवढा भरवसा वाटतो.

माझ्या मैत्रिणीला एवढंच सांगते: पहिली बाटली मर्लोची घे, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, १५० मिली मोजून घे, जेवणाबरोबर घे, आणि टेबलावरच घे.

तुमच्या घरात हा विषय कसा निघतो? निघतो का? जे अजिबात घेत नाहीत त्यांनीही लिहा, मुलांना काय सांगता ते. आणि कोणाकडे कपाटातली बाटली उन्हाळ्यात शिजली असेल तर तेही सांगा, मला जरा बरं वाटेल.